‘झालंच, पाच मिनिटं’ म्हणणाऱ्या नवऱ्यासाठी

न्यू जर्सीतल्या एडिसनजवळून एका भावाचं लांबलचक पत्र आलंय, नाव नको म्हणाला म्हणून देत नाही, गोष्ट थोडक्यात सांगतो. वय 38, एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बॅकएंडचं (सॉफ्टवेअरच्या पडद्यामागचं) काम, टीम अर्धी इथे अर्धी पुण्यात. बायको पुण्यातली अकाउंट्सची चांगली नोकरी सोडून एच-फोर वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आली, आता कुठे तिचं ईएडी (कामाचा परवाना) हातात आलंय आणि सीपीएचा, म्हणजे इथल्या सीएचा, अभ्यास सुरू केलाय. मुलगी सहा वर्षांची. बेसमेंटमध्ये एक जुना डेस्कटॉप, दोन रास्पबेरी पाय (तळहाताएवढे संगणक), घरातले सगळे दिवे होम असिस्टंट या सॉफ्टवेअरवर, आणि याची तिथे सतत खुडबुड. तर मागच्या रविवारी बायको म्हणाली, "तू घरातच असतोस रे, पण तुला काही सांगायचं म्हणजे तिकीट रेज करावं लागतं." ऑफिसात बिघाडाची रीतसर तक्रार नोंदवतात ना, तसं. ते त्याला फार लागलंय. विचारतो, दादा, मी दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, हा एकच नाद आहे, तोही सोडू का?

नको रे बाबा. सोडलास तर महिनाभर घरात तोंड पाडून फिरशील आणि त्याचं बिल पण तिच्याच नावावर फाडशील.

आधी माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवशी, आरतीला अर्धा तास असताना, मला काय सुचलं कोण जाणे, पाय-होल, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायला घेतलं. बायकोने वरून विचारलं किती वेळ, म्हटलं झालंच, पाच मिनिटं. अपडेट अर्ध्यात अडकलं, डीएनएस गेलं, म्हणजे अख्ख्या घराचं इंटरनेट गेलं, आणि तिकडे नाशिकला आईबाबा भल्या पहाटे अंघोळ करून, हातात टाळ घेऊन काळ्या स्क्रीनसमोर बसलेले. पाऊण तास. मोदक गार झाले, निरांजन दोनदा विझलं, बायको एक शब्द बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

नंतर माझ्या डोक्यात आलं की तिचा राग पाऊण तासाचा नव्हता, पाच मिनिटांचा होता. पाऊण तास लागेल म्हणालो असतो तर ती सरळ म्हणाली असती उद्या कर. बघ ना, ऑफिसमध्ये मॅनेजरला एस्टिमेट देताना आपण दोन दिवसांचं काम बिनधास्त चार दिवस सांगतो, टेस्टिंग धरतो, बफर धरतो, आणि घरी मात्र सगळं पहिल्या झटक्यात चाललं तर किती लागेल तेवढंच सांगतो. बग सापडल्यावर दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात हे खरंच आहे, सापडायलाच तर दीड तास लागतो. मग ती जेवण वाढून बसते, पुन्हा गरम करते, पोरगी पेंगते. तू खोटं बोलत नाहीस, पण तिची संध्याकाळ तुझ्या अंदाजावर टांगलेली राहते. तेव्हा घरीही बफरसकट आकडा सांग, आणि तो तिला चालत नसेल तर खाली उतरूच नको.

आता कॉलचं. तू लिहिलंयस पुण्याच्या टीमबरोबर रोज त्यांच्या सकाळी सातला कॉल असतो, म्हणजे उन्हाळ्यात तुझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, पोरगी झोपलेली, ठीक चाललं होतं. भारताचं घड्याळ काही बदलत नाही, आपलं बदलतं, नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला की तोच कॉल साडेआठला येतो, बरोब्बर तिच्या गोष्टीच्या वेळेला. पत्रात तू म्हणतोस "थंडी सुरू झाली की आमची भांडणं वाढतात, का कळत नाही". अरे हेच की! ऑक्टोबरमध्येच टीमला सांग की मार्चपर्यंत कॉल त्यांच्या आठला ठेवू. लोक संकोचाने विचारत नाहीत, पण पुण्यातल्यांनाही सातला पोरांचे डबे भरायचे असतात, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असतात, ते खूशच होतील.

नादाला वेळ हवाच, पण तो कॅलेंडरवर दिसायला हवा, आणि तिथे बायकोचं नाव आधी लिही. सीपीए म्हणजे चार पेपर, प्रत्येक चार तासांचा, ते "वेळ मिळाला तर" या खात्यात होत नाहीत. तू बेसमेंटमध्ये आठवड्याला दहा तास घालवतोस असं तूच लिहिलंयस, मग तिला तेवढे तरी मिळतात का मोजून बघ. मंगळवार गुरुवार संध्याकाळ तिची, त्या दिवशी आंघोळ, वरणभात, दात घासणं, गोष्ट सगळं तुझं, आणि फोन दुसऱ्या खोलीत. तुझा बुधवार, आणि रविवारी मुलगी मराठी शाळेत असते ते दोन तास. (आमच्या मंडळाच्या शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत लॅपटॉप उघडून बसलेले बाबा मी एकदा मोजले होते, सात निघाले.) ज्या आठवड्यात ऑन-कॉल असशील, म्हणजे ऑफिसची सिस्टिम बिघडली की धावायची पाळी तुझी असेल, त्या आठवड्यात बेसमेंटला कुलूप, दोन दोन सिस्टिमची राखण एका माणसाला झेपत नाही.

तू सहज म्हणून लिहिलेली एक गोष्ट मात्र मला सहज वाटली नाही. मराठी शाळेसाठी हजेरीचं ॲप केलंयस, छानच, पण त्याला महिना दोन डॉलर लावायचा विचार आहे म्हणतोस. थांब. एच-वन-बी वर ज्याने तुझा व्हिसा काढलाय त्याच्याकडेच काम करता येतं, स्वतःच्या ॲपवर राबून पैसे घेतलेस तर ते परवानगीशिवाय केलेलं काम धरलं जाऊ शकतं, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना दोन डॉलरसाठी ही जोखीम कशाला. मित्र सांगतात बायकोच्या नावावर टाक. तिला ईएडीवर स्वतःचा धंदा करता येतो हे खरं, पण मग कोड तूच लिहिणार ना? तेव्हा इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक सेंट घेऊ नकोस. आणि फुकट दिलंस तरी ऑफर लेटरबरोबर सही केलेला तो जाडा कागद काढून वाच, फावल्या वेळातल्या कोडवर कंपनीचा हक्क किती ते त्यात असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर त्याची एक ओळही नको.

मुलीने विचारलं होतं, "बाबा, हा लाल दिवा का ब्लिंक होतो?" आणि तू म्हणालास नंतर सांगतो. या बुधवारी तिला खाली ने. एक एलईडी, एक रेझिस्टर, दोन वायरी, पायथनच्या चार ओळी, आणि दर किती सेकंदांनी लागायचं तो आकडा तिला टाकू दे. त्यानंतर तिला नुसता खोका रंगवायचा असेल तर रंगवू दे, लगेच कोडिंग क्लास शोधायला बसू नको.

शेवटचं, सासूबाई डिसेंबरमध्ये येतायत म्हणालास. सगळीकडे स्मार्ट बल्ब आणि स्विच कोणी बंद करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी, हे घर त्यांना कसं चालवता येणार? रात्री दोनला बाथरूमला उठल्यावर त्या फोनवर ॲप उघडणार नाहीत, चाचपडतील. बल्ब साधे लाव आणि भिंतीतच स्मार्ट स्विच बसव, म्हणजे सर्व्हर झोपला तरी बटण दाबलं की दिवा लागेल. तुझं घर जुनं आहे, तेव्हा भिंतीतल्या स्विचच्या बॉक्समध्ये न्यूट्रल वायर आहे का ते विकत आणण्याआधी बघ, बऱ्याच जुन्या घरांत नसते आणि मग बरेचसे स्विच चालत नाहीत. आणि बघायला ब्रेकर पाडायच्या आधी वर जाऊन विचार, तिची मॉक टेस्ट चालू नाहीये ना.