वाचक विचारतात : पंप, पाऊस आणि रास्पबेरी पाय

प्रश्न : नोकरीमुळे मी पणजीत असतो, आई-बाबा सावईवेऱ्याला गावच्या घरी. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर घालून पडवीतले स्मार्ट बल्ब आणि विहिरीवरचा एक एचपीचा पंप मी मोबाईलवर आणला. पण पावसाळ्यात वीज जाते-येते आणि मेमरी कार्ड बाद होतं. मग बाबांना पंपही लावता येत नाही. ते म्हणतात, हे सगळं काढ आणि पूर्वीची बटणं लाव. पाय ५ घेतला तर सुटेल का प्रश्न?
— एक वाचक, सावईवेरे

उत्तर : नाही सुटणार. पाय ५ वेगवान आहे, पण कार्डावरच चालवलात तर तेही जाईल, फक्त जरा महागड्या बोर्डातून जाईल.

आधी बाबांची बाजू घेतो. कॉम्प्युटर मेला तरी भिंतीवरच्या बटणाने दिवा लागलाच पाहिजे. स्मार्ट बल्बचं दुखणं असं की कोणी सवयीने बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि तुमचा मोबाईल हात चोळत बसतो. त्याऐवजी साधा बल्ब ठेवा आणि बटणामागे रिले मॉड्यूल, म्हणजे मोबाईलच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारं छोटं बटण, बसवा. बटणही चालेल, मोबाईलही. मॉड्यूलला बहुधा न्यूट्रल (विजेची परतीची वायर) लागतो. ज्या बोर्डात प्लग आहे तिथे तो असतोच, पण वायरमनकडून तपासून घ्या.

आता कार्ड. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची नोंद डेटाबेसमध्ये सतत लिहीत असतो आणि मुळात दहा दिवसांच्या नोंदी ठेवतो. त्या लिखाणाने कार्ड झिजतं, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. यूएसबीवर लहानशी एसएसडी (कार्डाऐवजी वापरायची डिस्क) लावा, पाय ४ तिच्यावरून सुरू होतो. नको असलेल्या सेन्सरांच्या नोंदी रेकॉर्डरमधून, म्हणजे होम असिस्टंटच्या नोंदी लिहिणाऱ्या भागातून, वगळा. पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तोच ठेवा, म्हणजे लाइन बदलताना झटका बसत नाही. पायला मोबाईलचा चार्जर लावला असेल तर तो आजच काढा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय लागतो.

एक गंमत मात्र सांभाळा. झिगबीचा (स्मार्ट उपकरणांना बिनतारी जोडणारा) डोंगल वापरत असाल तर तो एसएसडीला चिकटून लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि डोंगल बहिरा होतो. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून त्याला लांब ठेवा. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड, त्यामुळे पडवीपर्यंत सिग्नल पोचायला मधल्या खोलीत विजेवर चालणारा झिगबी प्लग लागेल. बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाहीत.

पंपाविषयी मात्र मी हट्टी आहे. खाणीवरच्या वर्कशॉपात कंट्रोल पॅनल जोडण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे रिलेवर मोटर थेट टांगलेली दिसली की माझं डोकं फिरतं. एक एचपीची मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. 'दहा अँपिअर' छापलेल्या चिमुकल्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्या धक्क्याने चिकटतात. मग मोबाईलवर पंप बंद दिसतो आणि टाकी अंगणात वाहते. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट विद्युत-बटणाची) कॉइल ओढायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा, सोबत जादा करंट झाला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले हवाच. पॅनलवरची हिरवी-लाल बटणं तशीच राहू द्या, बाबांसाठी.

पंप बंद करायची वेळ पायवर सोपवू नका. रिलेच्या आत ईएसपीहोम किंवा टास्मोटा हे सॉफ्टवेअर असेल तर टायमर तिथेच टाका, टाकी भरायला लागतात त्याहून थोडी जास्त मिनिटं. पाय मध्येच मेला तरी पंप थांबेल. वीज परत आल्यावर रिले 'बंद' स्थितीतच उठेल असं सेटिंगही ठेवा. एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठते तेव्हा पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. कोरड्या पंपाचा करंट एकदम उतरतो, म्हणून वीज मोजणारं मॉड्यूल घेतलंत तर तेवढ्यावरून पंप तोडता येतो.

पणजीहून घर बघण्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येणारी वाट) उघडू नका. टेलस्केल हे खासगी जोडणी देणारं अ‍ॅप वापरा, किंवा होम असिस्टंटमागच्या नाबू कासा कंपनीची सशुल्क क्लाउड सेवा घ्या. बॅकअप एसएसडीबाहेर ठेवा, आणि त्याची किल्ली (बॅकअप उघडायचा सांकेतिक कोड) पणजीच्या घरी. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

प्रश्न : चवथीला माटोळीवरची (गणपतीवर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीवरची) दिव्यांची माळ सूर्यास्ताला लागायची होती, ती भलत्याच वेळी लागली. संध्याकाळी वीज गेली होती एवढंच. माझ्याकडेही पाय ४ आहे.
— एक वाचक, कुंभारजुवे

उत्तर : सूर्यास्त होम असिस्टंट घराच्या अक्षांश-रेखांशावरून स्वतःच काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. घड्याळाला लागतं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे वीज गेली की तो वेळ विसरतो आणि राउटर जागा होऊन खरी वेळ कळेपर्यंत जुन्याच वेळेवर राहतो. थोड्याच पैशांत मिळणारं डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आणि माळेलाही भिंतीवर बटण ठेवा. आरतीच्या वेळी कोणी मोबाईल शोधत बसत नाही.