वाचकांचे प्रश्न : फिटरचा लीडिंग हँड कसा होतो?

प्रश्न : मी मूळचा चंद्रपूरचा. आयटीआय डिझेल मेकॅनिक, कोळसा खाणीत डंपर दुरुस्तीचा ९ वर्षांचा अनुभव. गेली ३ वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबारातल्या लोहखनिजाच्या खाणीत हेवी डिझेल फिटर आहे. १४ दिवस काम, ७ दिवस सुट्टी. माझं काम परत येत नाही, म्हणजे तोच बिघाड पुन्हा दुरुस्तीला येत नाही. तरी लीडिंग हँडची, म्हणजे फिटरांच्या टोळीच्या मुकादमाची, जागा दोनदा माझ्यापेक्षा नवख्या माणसाला गेली. इंग्रजी आडवं येतं की कातडीचा रंग?

उत्तर : दोन्ही असू शकतं, पत्रावरून निवाडा करता येत नाही. पण "माझं काम परत येत नाही" हे फिटरचं प्रमाणपत्र झालं. लीडिंग हँड निवडताना कोणाचा पाना चांगला चालतो हे क्वचितच पाहतात. पहाटेच्या प्रीस्टार्टला, म्हणजे पाळीआधीच्या बैठकीत, आठ-दहा माणसांना कामं कोण वाटेल, आयसोलेशन (दुरुस्तीआधी यंत्राची ऊर्जा तोडून कुलूप लावणं) कोण तपासेल आणि संध्याकाळी पुढच्या पाळीला कोण नीट सोपवून जाईल, हे पाहतात.

सुरुवात वर्क ऑर्डरपासून, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीपासून, करा. आपल्याकडच्या सवयीने आपण लिहितो, "होज बदलला, ठीक." यातून दुरुस्तीची आखणी करणाऱ्या प्लॅनरला काही कळत नाही. असं लिहा : "मशीन तास १८,४२०. डाव्या स्टिअरिंग सिलिंडरचा होज क्लॅम्पपाशी घासून फुटला. होज आणि क्लॅम्प बदलले, ४० लिटर तेल भरलं. उजवीकडचा क्लॅम्पही सैल आहे, पुढच्या २५० तासांच्या सर्व्हिसला बदलावा." यातलं शेवटचं वाक्य सोन्याचं. त्यावर प्लॅनर आधीच सुटा भाग मागवतो आणि उजवा होज रात्री दोन वाजता फुटायचा वाचतो. सहा महिने असं लिहिलंत की तुमचं नाव तुमच्या सुपरवायझरच्याही वरच्या माणसाला, म्हणजे सुपरिंटेंडंटला, माहीत होतं. व्याकरण चुकलं तर चुकू द्या.

दुसरी गोष्ट आयसोलेशन. स्वतःचं कुलूप आणि टॅग सगळेच लावतात. लीडिंग हँडने उरलेल्या ऊर्जेचा विचार करायचा असतो. सुमारे २२७ टन माल वाहणाऱ्या कॅट ७९३ सारख्या ट्रकचा बॅटरी आयसोलेटर बंद करून कुलूप घातलं, तरी स्टिअरिंग आणि ब्रेकच्या अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत, दाब राहतो, सस्पेन्शनमध्ये नायट्रोजन असतो आणि माल भरायची उचललेली ट्रे पिन न घालता सोडली तर ती स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकते. म्हणून चाकांना चॉक (अडसर), ट्रेला पिन, दाब सोडणं, गेजवर शून्य पाहणं आणि शेवटी मशीन चालू होत नाही ना, हे करून पाहणं. ही शेवटची पायरीच घाईत गळते. घोळ जास्त होतो पाळी बदलताना. एखादा आपलं कुलूप तसंच ठेवून विमान पकडतो. अशा वेळी कटर आणायचा नसतो. त्या माणसाला फोन, तो साइटवर नसल्याची खात्री, मशीनची तपासणी आणि अधिकार असलेल्याची लेखी सही, या क्रमानेच कुलूप निघतं. तुमच्या साइटची ही कार्यपद्धती पाठ असू द्या, मुलाखतीत विचारतात.

मुलाखतीत हमखास येणारा आणखी एक प्रश्न : ट्रकच्या टायरमधून धूर येतोय किंवा ट्रकचा वीजवाहिनीला स्पर्श झालाय, काय कराल? "फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावेन" म्हणालात की संपलं. आगीने किंवा विजेने तापलेल्या टायरमध्ये आतल्या आत रबराचं विघटन होऊन वायू साठतो आणि बाहेर काही दिसत नसतानाही तासाभराने स्फोट होऊ शकतो. माणसं हलवायची, ३०० मीटरचं अंतर राखायचं, २४ तास कोणी जवळ जायचं नाही आणि तातडीचा कॉल रेडिओवर द्यायचा, हे उत्तर.

आता बोलणं. इंग्रजीपेक्षा "होईल साहेब" जास्त नडतं. प्रॉडक्शनवाला विचारतो, ट्रक कधी मिळणार? आपण "दोनपर्यंत" म्हणतो आणि चार वाजतात. तिथे अपेक्षित उत्तर असं : "दोनला मिळणार नाही. सील अजून स्टोअरमधून आलं नाही. तीनला पुन्हा सांगतो." आणि तीनला खरंच सांगायचं. नाही म्हणण्याने तिथे नाव खराब होत नाही, उशिरा सांगण्याने होतं. "सर"ही सोडा, मॅनेजरलाही नावानेच हाक मारतात.

यानंतर सुपरवायझरला सरळ सांगा की लीडिंग हँड सुट्टीवर जाईल तेव्हा बदली म्हणून उभं राहायचं आहे, आणि वार्षिक आढाव्यात ते लेखी येऊ द्या. दोनदा जागा गेली म्हणता, दोन्ही वेळा "माझ्यात काय कमी पडलं?" हे ईमेलने विचारलंत का? उत्तर गोलमोल आलं तर मग रंगाची शंका घ्यायला जागा आहे, आणि खाण बदलायलाही.

लीडरशिपचा सर्टिफिकेट फोर हा तिथला कोर्स आत्ताच करू नका. बदलीवर काम केल्याशिवाय त्या कागदाला वजन येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे धनबादच्या डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालय) ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीच्या देखरेखीचं, सर्टिफिकेट आहे. ते दाखवून ऑस्ट्रेलियात थेट सुपरवायझर होता येईल का? (वणी)

उत्तर : नाही. अनुभव म्हणून बायोडेटात जरूर लिहा, पण वैधानिक नेमणूक त्यावर होत नाही. क्वीन्सलंडच्या कोळसा खाणीत सुपरवायझरला एस १, एस २, एस ३ ही प्रशिक्षणाची तीन युनिटं लागतात : जोखीम हाताळणी, माहिती पोचवणं, अपघाताचा तपास. पश्चिम ऑस्ट्रेलियात ३१ मार्च २०२२ पासून नवा खाण सुरक्षा कायदा लागू आहे; तिथल्या वैधानिक पदांसाठी कायद्याची परीक्षा वेगळी. राज्य आधी ठरवा, कोर्सचे पैसे नंतर भरा.

प्रश्न : गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर नवरा ऑस्ट्रेलियात गेला. ४८२ व्हिसावर (कंपनीने पुरस्कृत केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा) डिझेल मेकॅनिक आहे. आता कंपनी सुपरवायझर करते म्हणते. पगार वाढेल ना? (सांगे)

उत्तर : ताई, आधी व्हिसा पाहा. या व्हिसावर ज्या व्यवसायासाठी नामांकन झालं, त्याच व्यवसायात काम करावं लागतं. लीडिंग हँड हाताने काम करतच असतो, म्हणून तिथे सहसा अडचण येत नाही. पूर्णवेळ सुपरवायझर झाल्यावर काम बदललं, तर कंपनीला नवं नामांकन आणि तुमच्या नवऱ्याला नवा व्हिसा लागू शकतो. पद स्वीकारण्याआधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला नव्या कामाचं लेखी वर्णन दाखवा. "एचआर बघून घेईल" यावर राहू नका.

पगाराचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर ठरावीक वार्षिक पगारावर जातो आणि ओव्हरटाइम बंद होतो. म्हणून सध्याच्या पूर्ण वर्षाची, ओव्हरटाइमसकट, एकूण रक्कम काढा आणि त्याच आकड्याशी नवा पगार ताडून पाहा, ताशी दराशी नाही. रोस्टर, म्हणजे कामाचे आणि सुट्टीचे दिवस, हेही विचारा. १४-७ वरून ८-६ मिळत असेल, तर थोडा कमी पगारही परवडतो.