समजावून सांगण्याचे कामही माझ्याच वाट्याला का?

प्रश्न : मला लहानपणापासून कमी ऐकू येते. श्रवणयंत्र आणि बोलणाऱ्याचे ओठ यांच्या आधारे मी संभाषण समजून घेते. बैठकीत कोणी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की माझा धागा सुटतो, आणि विचारले तर ‘विशेष काही नव्हते, नंतर सांगतो’ असे उत्तर मिळते. ते ‘नंतर’ कधी येत नाही. यंदाच्या मूल्यमापनात मात्र ‘सूचना लक्षात घेत नाही’ असा शेरा आला. नवा कर्मचारी रुजू झाला की माझी अडचण त्याला मीच समजावायची आणि दरवर्षी संवेदनशीलतेवर व्याख्यानही मीच द्यायचे, असा जणू नियमच झाला आहे. मी थकले आहे. नकार दिला तर मी उद्धट ठरेन का?

उत्तर : आपण थकलात यात नवल नाही. प, ब आणि म हे उच्चार ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात आणि घशातून निघणारे ध्वनी तर दिसतच नाहीत, त्यामुळे निसटलेले शब्द आपल्याला संदर्भावरून जुळवावे लागतात. ते जुळेपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असतो. दिवसभर हे कष्ट उपसल्यावर त्याच कष्टांविषयी इतरांना शिकवायचे, हे दुसरे काम झाले, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. विद्यापीठांतील अल्पसंख्याक प्राध्यापकांवर पडणाऱ्या अशाच जादा भाराला मानसशास्त्रज्ञ अमाडो पडिया यांनी १९९४ साली ‘सांस्कृतिक कर’ असे नाव दिले होते.

व्याख्यानाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आधी त्या शेऱ्याकडे वळावे, कारण माझ्या मते खरे नुकसान तेथे होत आहे. सूचना आपल्यापर्यंत पोहोचलीच नसेल, तर ती लक्षात न घेतल्याचा ठपका आपल्यावर येऊ शकत नाही. कोणत्या तारखेच्या बैठकीत कोणता मुद्दा निसटला, आपण विचारले तेव्हा काय उत्तर मिळाले, हे आठवेल तेवढे लिहून वरिष्ठांना लेखी उत्तर द्या आणि शेऱ्याचा फेरविचार मागा. त्याच पत्रात विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळावी, बोलणाऱ्याने तोंड समोर ठेवावे आणि निर्णय त्याच दिवशी लेखी कळवावेत, अशी मागणी करा. यात उपकार मागण्यासारखे काही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच मानला आहे.

सहकाऱ्यांपैकी काहींना खरोखरच ठाऊक नसते आणि काहींना ठाऊक करून घ्यायचे नसते. एकदा स्पष्ट सांगितल्यावर जो पुढच्या बैठकीत चुकून पाठ फिरवतो आणि आठवण करताच वळतो, त्याच्यासाठी दोन शब्द खर्च करण्यात मला काही वावगे वाटत नाही. जो तेच पुन्हा विचारतो, वर ‘तुम्हाला पाहून तसे वाटत नाही’ असेही ऐकवतो, त्याला शिकवीत बसणे आपले कर्तव्य नाही. ‘याविषयी मी पूर्वी सांगितले आहे, आता आपण कामाचे बोलू’ एवढे पुरे. काहींना हेही उद्धट वाटेल. ते वाटणे दूर करण्याची जबाबदारी कृपया स्वतःकडे घेऊ नका.

नव्या कर्मचाऱ्यांसाठी ‘माझ्याशी बोलताना’ असे एक पानभर टिपण लिहून वरिष्ठांकडे सोपवा आणि यापुढे ते त्यांनीच द्यावे असे ठरवून घ्या. व्याख्यान द्यायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी आपला असावा. द्यायचे ठरवलेत तर त्याची तयारी कामाच्या वेळेत व्हावी आणि मूल्यमापनात ती धरली जावी, हे आधी लेखी मान्य करून घ्या. एरवीही वर्षाकाठच्या एका व्याख्यानाने फारसे बदलेल असे मला वाटत नाही. अलेक्झांड्रा कॅलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना व्यवस्थापनात स्थान मिळण्याच्या बाबतीत प्रशिक्षणवर्गांचा उपयोग फारच थोडा झाला. ही जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर सोपवली होती, तेथे मात्र फरक अधिक दिसला. आपल्या वरिष्ठांनाही हाच प्रश्न विचारा : माझ्या सोयींची अंमलबजावणी कोण पाहणार?

तोवर विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्याला बैठकीत ‘जरा इकडे तोंड करून बोला’ असे म्हणण्याची विनंती करा, म्हणजे प्रत्येक वेळी आपल्यालाच हात वर करावा लागणार नाही. आणि लेखी मागणीनंतरही शेरा तसाच राहिला, तर सगळ्या नोंदींच्या प्रती जोडून तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा.