फळी क्रमांक १६ : हाउप्टमान खटल्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ब्रूनो रिचर्ड हाउप्टमानवर टिपण होतं. ते न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: १ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होपवेलजवळच्या घरातून वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा पळवला गेला. २ एप्रिलला ५० हजार डॉलर खंडणी दिली, तरी मूल परत आलं नाही. १२ मे रोजी घरापासून साडेचार मैलांवर, रस्त्यालगतच्या झाडीत त्याचा मृतदेह सापडला. खिडकीखाली एक मोडकी लाकडी शिडी मिळाली होती. याच प्रकरणात पुढे हाउप्टमान हा सुतार पकडला गेला आणि दोषी ठरला. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

माझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. पाइनची फळी वखारीत ढिगाने मिळते. खिडकीखाली टाकलेल्या शिडीवरून माणूस सापडला, हे पटत नाही.

शिडीवरून तो सापडला नाही. सापडला खंडणीच्या नोटांवरून, शिडीने त्याला जखडलं. मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेतले लाकूडतज्ज्ञ आर्थर कोलर यांनी शिडी पूर्ण सुटी केली. पायऱ्यांना १ ते ११ आणि उभ्या दांड्यांना १२ ते १७ असे क्रमांक दिले.

तळाच्या दांड्यांवर रंधा मशिनच्या खुणा होत्या. फळी मशिनमधून सरकताना प्रत्येक पातं एक बारीक आडवी लाट सोडतं, हे तुम्ही रोज पाहता. एखादं पातं जरा बोथट किंवा वर-खाली बसलेलं असलं, की त्याची खूण ठरावीक अंतराने परत येते. अशा दोन खुणांमधल्या लाटा मोजल्या की पाती किती ते कळतं. इथे फळीच्या पृष्ठभागावर आठ पाती फिरली होती, कडेवर सहा. कोलर यांनी सुमारे १६०० गिरण्यांना पत्रं घातली. तशी मशिनं अवघ्या पंचवीस ठिकाणी निघाली. नमुने मागवल्यावर खूण जुळली ती साउथ कॅरोलायनातल्या मॅकॉर्मिकच्या गिरणीशी. तिथून माल कुठे कुठे गेला हे धुंडाळत ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका वखारीत पोचले. वखारीची विक्री रोखीची, गिऱ्हाइकांची नावं नाहीत, त्यामुळे माग तिथेच तुटला. हाउप्टमान त्याच वखारीत अधूनमधून कामाला होता आणि डिसेंबर १९३१ मध्ये त्याने तिथून लाकूडही नेलं होतं, हे कळलं अटकेनंतर.

आमच्या मते निर्णायक पुरावा दांडा क्रमांक १६ चा. त्यात जुन्या चौकोनी खिळ्यांची चार भोकं होती आणि शिडीच्या जोडणीत त्यांचा काहीच उपयोग नव्हता. भोकांभोवती गंज नव्हता, म्हणजे फळी छपराखाली, कोरड्या जागी ठोकलेली होती. कोलर यांनी ही नोंद अटकेच्या खूप आधी केली होती. पुढे हाउप्टमानच्या घराच्या माळ्यावर एका तक्तपोशीच्या फळीचा तुकडा कापून नेलेला दिसला. दांडा तिथे ठेवला, तर चारही भोकं खालच्या तुळ्यांमधल्या भोकांवर बसली: अंतर तेच, तिरकेपणाही तोच. दोन तुकड्यांत सव्वा इंचाहून थोडी जास्त फट होती, तरी टोकांवरची वाढीची वलयं एकमेकांना लागून जात होती. एक भोक योगायोगाने जुळेल. चार भोकं आणि वलयं एकदम जुळत नाहीत.

शिवाय त्याच्या पेटीतल्या हाती रंध्याचं पातं बारीक खवललेलं होतं. कोलर यांनी कोर्टातच फळीवर तो रंधा मारला, वर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेघा शिडीवरच्या रेघांशेजारी ठेवून दाखवल्या.

कसबी सुताराची शिडी मोडली कशी?

ती गाडीत मावावी म्हणून तीन तुकड्यांत, हलकी केलेली होती. तुकडे खुंटीने जोडायचे. खुंटीच्या भोकापाशी दांड्याचं लाकूड आधीच कमी झालेलं, त्यात रेषा उभ्या. जोर आल्यावर दांडा तिथेच उभा चिरला. मूल खाली आणताना वजन वाढलं आणि शिडी फाटली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं.

नोटांचे क्रमांक नोंदवले होते, मग अडीच वर्षं का लागली?

नोटा ४७५० होत्या. गर्दीच्या काउंटरवर कोणता कॅशियर एवढी यादी ताडून बघणार? महसूल खात्याचे एल्मर आयरी यांनी आग्रह धरून खंडणीत सुवर्ण प्रमाणपत्राच्या, म्हणजे सोन्याच्या बदल्यात काढलेल्या नोटा घालायला लावल्या, आणि ही दूरदृष्टीच कामी आली. एप्रिल १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने असं चलन १ मेपर्यंत परत करण्याचा हुकूम काढला. त्यानंतर पिवळ्या शिक्क्याची नोट हातात आली की माणूस तिच्याकडे दोनदा बघायचा.

१५ सप्टेंबर १९३४ ला एका गिऱ्हाइकाने पेट्रोलच्या ९८ सेंटसाठी दहाची अशी नोट दिली. नोट खोटी निघाली तर भुर्दंड आपल्यावर, या भीतीने पंपावरच्या माणसाने गाडीचा क्रमांक नोटेच्या कडेलाच लिहिला. बँकेत ती यादीशी जुळली. १९ तारखेला हाउप्टमान पकडला गेला, तेव्हा खिशात वीसची तसलीच नोट होती. गॅरेजमध्ये दडवलेले १३,७६० आणि नंतर एका लाकडाला पाडलेल्या भोकांत ८४० असे एकूण १४,६०० डॉलर मिळाले.

तो आधीपासूनच गुन्हेगार होता का?

होता. जन्म १८९९, जर्मनीतलं कामेन्झ. पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवली. १९१९ मध्ये घरफोड्या केल्या. त्यातली एक महापौराच्या घरी, शिडी लावून खिडकीतून. बाबागाड्या ढकलत चाललेल्या दोन बायकांना पिस्तूल दाखवूनही लुटलं. शिक्षा भोगली, पुन्हा पकडला गेला, निसटला आणि १९२३ मध्ये जहाजात लपून न्यूयॉर्कला उतरला.

अपहरणाला तेव्हा फाशी होती का?

न्यू जर्सीत नव्हती. म्हणून घरफोडी करताना झालेला मृत्यू हा खूनच, या आधारावर खटला चालला. मारण्याचा हेतू सिद्ध करावा लागला नाही. १३ फेब्रुवारी १९३५ ला फ्लेमिंग्टनमध्ये तो दोषी ठरला आणि ३ एप्रिल १९३६ ला ट्रेंटनला विजेच्या खुर्चीत त्याला देहदंड दिला. राज्याची हद्द ओलांडून केलेलं अपहरण हा संघराज्याचा गुन्हा ठरवणारा कायदा जून १९३२ मध्ये याच प्रकरणामुळे झाला.

तो निर्दोष होता असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. खरं काय?

त्या व्हिडिओंमधले काही आक्षेप खरे आहेत. खिडकीखालच्या पायाच्या ठशाचं माप नीट घेतलं गेलं नाही आणि गर्दीने अंगण तुडवलं. खंडणी घेणाऱ्याची एक हाक दुरून ऐकली होती, त्यावरून लिंडबर्ग यांनी अडीच वर्षांनी आवाज ओळखला. ही साक्ष आम्हाला फार लंगडी वाटते. हाउप्टमानच्या घरातल्या कपाटात खंडणी पोचवणाऱ्या मध्यस्थाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला सापडला, त्यावरही आम्ही भिस्त ठेवणार नाही. पैसे मृत भागीदार इसिडोर फिशने बुटांच्या खोक्यात ठेवायला दिले, हा हाउप्टमानचा बचाव होता. तो खरा धरला तरी माळ्यावरची फळी शिडीत कशी गेली, याचं उत्तर त्यात नाही. त्याला साथीदार होता का, हा वाद मात्र रास्त आहे. खटल्यात हा धागा कुणी नीट उलगडलाच नाही.

शिडी आज कुठे आहे?

वेस्ट ट्रेंटनला, न्यू जर्सी राज्य पोलिसांच्या संग्रहालयात.