आइस टी पहिल्यांदाच करताय? मग एवढं सांभाळा

कडू झाला म्हणून सोडून देऊ नका, सुरुवातीला बहुतेकांचा होतो. आपण सवयीने चहा उकळतो, तिथेच बिघडतं. १ लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, मग ४ चमचे पानांचा चहा घालून झाकण ठेवा आणि ४ मिनिटांत गाळा. रोजची दाणेदार पावडर असेल तर २ चमचे पुरे. गाळताना चोथा दाबू नका.

गवती चहा मात्र बिनधास्त उकळा: पाती कात्रीने बारीक कापून आधी त्याच पाण्यात ५ मिनिटं. पुदिन्याचं उलटं. उकळला की काळपट पडतो, ताजा वासही जातो. पानं तळहातावर ठेवून एक थाप मारा आणि गार चहात टाका.

- साखर चहा गरम असतानाच विरघळवा, गारात ती तळाशी बसते.
- लिंबू पिळायचं ते चहा गार झाल्यावर. साल हवी तर फक्त वरची पिवळी किसून. खालचा पांढरा भाग कडू असतो.

गरम चहा थेट फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ दिसतो. घाबरू नका, थोडं उकळतं पाणी घातलं की बहुधा निवळतो.

मोसंबी, तुळस, आलं सगळं नंतर. आधी एवढाच दोन-तीनदा करा आणि कसा झाला ते नक्की सांगा.