मशीन नसेल त्या दिवशी

डायलिसिसवरच्या रुग्णांच्या घरून हल्ली एकच प्रश्न येतो. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसनं शरीर आतून झिजतं म्हणे. मग अँटिऑक्सिडंट काय द्यायचं?’ सोबत मोबाइलवरचा मेसेज असतोच.

मेसेजमधलं निम्मं खरं असतं. किडनी निकामी झाली की रक्तात विषारी द्रव्यं साचतात, रक्त गाळणाऱ्या डायलिसिस मशीनच्या पडद्याला लागून रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिडतात, आणि पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक वाढतात. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यांना आवरणारं क जीवनसत्त्वही डायलिसिसमध्ये काही वाहून जातं. हृदयाला, रक्तवाहिन्यांना याची झळ बसते. घोळ पुढे आहे, ‘म्हणून अमुक रस प्या’ इथे.

विड्या वळणाऱ्या एक काकू यायच्या (तपशील बदललेत). यजमान चादरीच्या कारखान्यातले. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिस. काकूंचं माहेर सांगोल्याकडचं, त्यामुळे घरात डाळिंबांची कमी नाही. आहारतज्ज्ञांनी रस बंद करायला सांगितला होता, डॉक्टर एकदा रागावलेही होते. काकू मान हलवायच्या आणि रस काढायच्या. मीही पोटॅशियम समजावत बसले नाही. विचारलं, “रस कधी देता?”

“शनिवार-रविवार. दोन टाइम.”

“त्याच दिवशी का?”

“सलग दोन दिवस मशीन नसतं की ओ मॅडम. मग रक्त कोण साफ करणार? मीच करते.”

इतके दिवस सगळे त्यांना अडाणी समजत होते. आजारात घरातलं प्रत्येक माणूस स्वतःसाठी एक काम शोधतं, आणि ते काम नुसतं काढून घेतलं तर ते चोरून करतं. माझा सगळा भर यावरच असतो. पुस्तकी उपायांच्या आधी मी हे काम शोधते, आणि ते बहुतेकदा सापडतं.

दुर्दैव असं की काकूंनी निवडलेले दिवसच सर्वांत धोक्याचे. दोन डायलिसिसमधलं अंतर तेव्हा मोठं, पोटॅशियम चढत जातं, आणि ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेततं. डाळिंबात पोटॅशियम भरपूर. नारळपाणी, टोमॅटोचं सारही त्यातलंच. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. या रुग्णांत त्यातून ऑक्झलेट नावाचा क्षार शरीरात साचतो.

म्हणून काकूंना दुसरं काम दिलं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. शेंगाचटणी ताटातून बाहेर. रोज सकाळी वजन, पाणी मापाच्या तांब्यानं. आणि यजमानांच्या हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोटं टेकवून थरथर लागते का बघायचं. नाही लागली तर लगेच डायलिसिस सेंटरला फोन. पहिल्यांदा थरथर लागली तेव्हा काकू दचकल्या, “आत मोटार चालल्यागत वाटतंय की!” विड्या वळून निबर झालेली ती बोटं पुढे कधी चुकली नाहीत.

हा ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करायचा तर डायलिसिस चुकवू नका, वेळेआधी उठून येऊ नका. कॅथेटरपेक्षा, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीपेक्षा, फिस्टुला बरा, कारण संसर्ग कमी. आणि तंबाखू बंद. हे शेवटचं काकूंसमोर सांगितलं, तेव्हा यजमानांनी खिसा दाबून धरला. काकूंनी हात पुढे केला. डबी निघाली.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “रस परवडला असता ओ.”