उठावाचं भरतकाम घरी शिकून क्लास काढता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, राहायला ऐरोलीत, शाळेतलं साधं भरतकाम अजून हातात आहे. व्हिडिओ बघून थ्रीडी भरतकाम शिकायचं आणि पुढे घरीच क्लास काढायचा, तर सुरुवात कशाने करू आणि सर्टिफिकेट लागेल का?

शिकता नक्की येईल. शिकवायची घाई मात्र करू नका. मी ठाण्यात, नौपाड्यात, ११ वर्षं घरी शिकवतेय आणि पहिल्या दोन वर्षांत मी काय शिकवलं ते आठवलं की अजून ओशाळायला होतं.

एक डावखुरी मुलगी यायची. तिचं बुलियन, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन भरायचा टाका, काही केल्या जमेना. वेढे सैल पडायचे, दोरा पिंजल्यासारखा दिसायचा. मी आपली रोज तेच सांगायची, "घट्ट ओढ, अंगठा सोडू नकोस." शेवटी कंटाळून तिने यायचंच सोडलं. पुढे कधीतरी मी ब्राझिलियन भरतकामाचा (हेही उठावाचंच, पण चकचकीत रेयॉनने करतात) रेयॉनचा दोरा मागवला आणि माझंच बुलियन हुबेहूब तसं पिंजायला लागलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्या नेहमीच्या कॉटनच्या लडीचा पीळ एका बाजूला असतो, त्या रेयॉनचा नेमका उलट. वेढे एका बाजूने घेतले तर पीळ आवळतो, दुसऱ्या बाजूने घेतले तर उकलतो. आणि डावखुऱ्या हाताचे वेढे आरशातल्यासारखे उलटेच पडतात. पोरीचा काही दोष नव्हता. "दोरा दुसऱ्या बाजूने गुंडाळ" एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला ठाऊक असायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्याचा टाका का बिघडला हे बघता क्षणी कळायला लागेल, तेव्हा क्लास काढा. स्वतःचा सुरेख येतो, हे पुरत नाही.

सुरुवात बुलियननेच करा. आधी सुई बघा. जांभळी नाक्याला "भरतकामाची सुई द्या" म्हटलं की मोठ्या नेढ्याची सुई हातात पडते, आणि वेढे नेमके त्या फुगीर नेढ्यावर अडकतात. तुम्हाला हवी मिलिनर्स सुई. लांब असते आणि तिचं नेढं सुईइतकंच बारीक असतं, त्यामुळे वेढे सरकन उतरतात. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या. वेढ्यांची लांबी खालच्या टाक्याएवढी ठेवली तर पाकळी सपाट बसते, दोन-तीन वेढे जास्त घेतले की तिला कमान येते. गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या वळतात त्या अशा. पंधरा दिवस दुसरं काही करू नका. बिघडलेली बुलियन उसवू नका, त्याच कापडावर राहू द्या. पुढे शिकवताना तो तुकडा चांगल्या नमुन्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग कास्ट-ऑन. स्वेटर विणताना सुईवर पहिले टाके घालतो ना, तेच इथे भरतकामाच्या सुईवर. ड्रिझल त्याच्यापुढचं: दोरा नेढ्यातून काढायचा, सुई उभी रोवायची, तिच्यावर टाके घालायचे आणि मग पुन्हा ओवून खाली खेचायची. बायकांना हे फार आवडतं, आणि लगेच ब्लाउजच्या बाहीवर काढायचं असतं. मी नाही म्हणते. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत त्या बाहीचं काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. बाहीला बुलियन बरं. ड्रिझल फ्रेमसाठी.

तारेच्या सुट्या पाकळ्या, म्हणजे स्टम्पवर्क, सगळ्यात शेवटी. हा प्रकार इंग्लंडमधला, १७व्या शतकातला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मार्था एडलिन नावाच्या मुलीचं काम आहे. १६६८ मध्ये, आठव्या वर्षी, तिने रंगीत टाक्यांचा नमुना भरला आणि भरतकामाने मढवलेली पेटी पुरी केली ती १६७१ मध्ये. म्हणजे आधी नमुना, मग पेटी. आपल्याकडे पहिल्याच रविवारी फुलपाखरू हवं असतं.

स्टम्पवर्कमध्ये तारेवरून काजे टाका अगदी दाट घाला, कारण नंतर कापड त्याच्या कडेने कापायचं असतं. एक टाका कापला गेला की पाकळीची कड सुटते. उठावासाठी खाली फेल्ट (जाड, दाबलेलं लोकरी कापड) लावताना सगळ्यात लहान तुकडा आधी आणि मोठा सगळ्यात वर. उलट केलंत तर पायऱ्या दिसतात. आणि साधी लोखंडी तार वापरू नका. आपल्या पावसाळी हवेत ती गंजते. माझ्या पांढऱ्या मोगऱ्यावर गणपतीपर्यंत तपकिरी डाग उतरले होते.

बॅच सहाजणींच्या वर नेऊ नका, प्रत्येकीच्या शेजारी बसून हात बघावा लागतो. डावखुरी असेल तर तिच्या समोर बसा. आपला उजवा हात तिला आरशातल्यासारखा दिसतो आणि तिला तेच हवं असतं. दोऱ्याचं मात्र वर सांगितलंय ते विसरू नका.

राहिलं सर्टिफिकेट. माझ्याकडे नाही, आणि ११ वर्षांत एकीनेही मागितलं नाही. फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो तो, "ताई, खाली स्कूटर लावायला जागा आहे का?"